सरपंच आणि तंटामुक्त समितीने लावून दिलेलं दुसरं लग्न कायद्यात बसतं का?

झाडीपट्टीची लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या मोठ्या बहिणीचा आहे. गाव भंडारा जिल्ह्यातलं, नाव लिहीत नाही. ताईचं लग्न २०१३ मध्ये रीतसर मांडव टाकून झालं. दोन मुलं आहेत. भाऊजी वनरक्षक आहेत, पक्की सरकारी नोकरी. मधल्या काळात भांडणं फार वाढली आणि ताई मुलांना घेऊन आमच्याकडे आली. मग भाऊजींच्या गावच्या तंटामुक्त समितीनं बैठक बोलावली. ताई, बाबा आणि काका गेले. तिथं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की 'उभयता राजीखुशीने वेगळे झालो असून यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही'. ताईनं सही केली. सगळे मोठे लोक समोर बसलेले, बाबा म्हणाले कर, तिनं केली.

आता गेल्या उन्हाळ्यात त्याच समितीनं भाऊजींचं दुसरं लग्न लावून दिलं. मुलगी शेजारच्या गावची. आम्हाला कळलं ते व्हॉट्सॲपवर फोटो फिरला तेव्हा. समाजमंदिरात मागे समितीचा फलक, पुढे नवरानवरी हार घालून उभे, एका बाजूला समितीचे अध्यक्ष, एका बाजूला पोलीस पाटील, आणि सरपंच त्यांच्या हातात कागद देत आहेत. तो कागद आम्ही मिळवला. ग्रामपंचायतीचं लेटरपॅड, जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि मजकूर असा: 'सदर विवाह समितीसमक्ष पार पडला असून त्यास कायदेशीर मान्यता देण्यात येत आहे.'

ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "सरपंचानं लावून दिलं म्हणजे कायदेशीरच झालं नं बाई, आता काय करता?" नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली. सरपंचाला कुणाचं लग्न लावायचा अधिकार असतो का? आणि ती स्टॅम्पवरची फारकती खरी धरायची का? ताई तर म्हणते, जाऊ दे, माझीच सही आहे.

सरळसोट

यात विचारायचं काय? पहिली बायको असताना दुसरं लग्न म्हणजे सात वर्षं. एफआयआर करा, सरपंचालाही आत टाका. ठाण्यासमोर बसून राहा, हलू नका.

जुना ग्रामसेवक

ताई, माझी सगळी नोकरी गोंदिया-भंडारा पट्ट्यात ग्रामसेवक म्हणून झाली. विवाह नोंदणीचं रजिस्टर माझ्याच कपाटात असायचं, म्हणून लिहितो.

सरपंचाला लग्न लावायचा अधिकार नाही. समितीला नाही, पोलीस पाटलाला नाही, ग्रामसेवकालाही नाही. आम्हाला १९९८ च्या कायद्यानं 'विवाह निबंधक' केलं, पण ते काम लग्न लावायचं नाही, लागलेल्या लग्नाची नोंद घ्यायचं आहे. नमुना 'ड' भरायचा, त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नवराबायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्या, मग आम्ही नमुना 'ई' मध्ये प्रमाणपत्र द्यायचं. लग्नच झालेलं नसेल तर आमच्या प्रमाणपत्रानं ते होत नाही, आणि सरपंचाच्या लेटरपॅडनं तर मुळीच होत नाही. 'मान्यता देण्यात येत आहे' म्हणे! ग्रामपंचायत अधिनियम उलटापालटा करून बघा, असली मान्यता द्यायची सोय त्यात कुठंही नाही. सरकारी माणसासमोर लग्न करायचं तर ते विवाह अधिकाऱ्यासमोर, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. तिथं आधी नोटीस लागते, तीस दिवस थांबावं लागतं आणि हयात जोडीदार नाही हे सहीनिशी सांगावं लागतं.

मग समित्या लग्नं का लावतात? तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. बांधाची भांडणं, भाऊबंदकी, किरकोळ मारामाऱ्या गावातच मिटाव्यात हा हेतू, आणि तो चांगलाच होता. आमच्याकडे मात्र पळून आलेली जोडपी समितीच्या दारात यायला लागली. दोन्ही घरची माणसं काठ्या घेऊन निघायच्या आत हार घालून मोकळं करायचं, म्हणजे तंटा मिटला. पेपरात फोटो यायचा. मी अशा बैठकांना बसलेलो आहे. शाळेचा दाखला बघायचे, मुलगी अठराची, मुलगा एकवीसचा, झालं. याचं आधी कुठं लग्न झालंय का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे, कारण समोर पोरंसोरं असायची. तुमचे भाऊजी पोर नव्हेत. समितीला सगळं ठाऊक होतं. फारकतीचा कागद समितीनंच लिहवला होता. हे मला जास्त खटकलं.

एक सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ दुसऱ्या लग्नाची नोंद करायला आले. हातात पहिल्या बायकोची सोडचिठ्ठी, चक्क लॅमिनेट केलेली, जणू आधार कार्ड. नमुन्यात लग्नाच्या वेळची स्थिती लिहायची असते, अविवाहित, विधुर की घटस्फोटित. यांनी निळ्या पेनानं 'अविवाहित'वर खूण केलेली. आता जन्ममृत्यूची नोंदही आमच्याचकडे. त्याच कपाटातलं खालच्या फळीवरचं जन्माचं रजिस्टर काढलं आणि त्यांच्यासमोर उघडलं. मुलीचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. गृहस्थ म्हणाले, 'ते जुनं आहे.' मी म्हटलं, 'कोर्टाचा हुकूमनामा आणा.' संध्याकाळी सरपंचाचा फोन, "साहेब, समितीनं लावून दिलंय, तुम्ही नुसती नोंद घ्या." नोंद मी घेतली नाही, आणि का घेतली नाही ते लिहून फाईलला लावलं. शंका असेल तर निबंधकाला नोंदणी नाकारता येते. पण सगळेच नाकारतात असं नाही, हेही खरं.

फारकतीचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यात कलम २९ खाली जातीच्या रूढीनं होणारी काडीमोड शिल्लक ठेवलेली आहे. पण आमच्या जातीत अशी रूढी पूर्वापार आहे, हे ती सांगणाऱ्यानं कोर्टात शाबीत करावं लागतं. समितीनं लिहिलेला कागद म्हणजे रूढी नव्हे. मग स्टॅम्प शंभरचा असो की आताचा पाचशेचा.

तालुका कोर्टातली

मी वकील आहे, तालुक्याच्याच कोर्टात बसते. वरचं सगळं बरोबर आहे, पण यात एक खड्डा आहे आणि तो आधीच दाखवलेला बरा.

ठाण्यात एनसी झाली म्हणून हवालदारांवर रागावू नका. त्यांनी सांगितलेलं कारण चूक, पण केलं ते बरोबर. द्विभार्या हा गुन्हा अदखलपात्र आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४९४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. पोलीस त्यावर सरळ एफआयआर करत नाहीत. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद द्यावी लागते, आणि ती बायकोनं किंवा तिच्या वतीनं आई, बाप, भाऊ, बहीण, मुलं, काका-मामा-आत्या-मावशी अशा जवळच्यांनी. म्हणजे तुम्ही स्वतःही देऊ शकता. तिऱ्हाइताला देता येत नाही. २०२२ च्या डिसेंबरात अकलूजला एकानं जुळ्या बहिणींशी एकाच मांडवात लग्न केलं, आठवत असेल. तिथंही तक्रार बाहेरच्यानं केली आणि ठाण्यात एनसीच झाली.

आता खड्डा. दुसरं लग्न गुन्हा ठरायला ते 'विधिपूर्वक' लागलेलं असावं लागतं. यावरचा सगळ्यात गाजलेला निकाल आपल्याच महाराष्ट्रातला आहे, भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, १९६५. भाऊरावानं पहिली बायको हयात असताना १९६२ मध्ये दुसरीशी गांधर्व पद्धतीनं लग्न केलं. हार घातले, कपाळाला कपाळ लावलं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, हायकोर्टानं कायम केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, होम नाही, सप्तपदी नाही, आणि ती वगळायची रूढी यांच्या जातीत होती हेही शाबीत नाही. म्हणजे दुसरं लग्न लागलंच नाही. लागलंच नाही तर गुन्हा कसला? सुटला.

तेव्हा तुमच्या भाऊजींचा वकील काय म्हणणार ते आत्ताच सांगते. तोच सरपंचाचा कागद दाखवून म्हणेल, 'मायलॉर्ड, सरपंचाला अधिकारच नाही, हे नुसते हार होते, माझ्या अशिलाचं दुसरं लग्न झालेलंच नाही.' गावात तोच कागद नाचवून बायको म्हणून मिरवायची आणि कोर्टात तोच कागद पोकळ म्हणून दाखवायचा. लग्न जितकं कच्चं तितका नवरा सुरक्षित, हे माझ्यासारखीलाही पचत नाही, पण आहे हे असं आहे. आणि आरोपीनं कबूल केलं तरी तेवढ्यावर भागत नाही, विधी झाल्याचा पुरावा लागतोच. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा हेच म्हटलंय. दोन वैमानिकांचं प्रकरण होतं, एका समितीचं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर सरकारी नोंदणीही झालेली होती. विधी झालाच नव्हता म्हणून कोर्टानं ते लग्नच मानलं नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगा. एक, तुम्ही अनुसूचित जमातीत मोडता का? गोंड, हलबा वगैरे असाल तर हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही आणि सगळा मुद्दा जमातीच्या रूढीवर जातो. बौद्ध असाल तर कायदा लागू आहे, फक्त विधी वेगळा बघायचा. दोन, समाजमंदिरात फक्त हारच झाले की आणखी काही?

झाडीपट्टीची लेक

मॅडम, आम्ही आदिवासी नाही, बौद्धही नाही. कुणबी आहोत.

आणखी काही झालं का ते काल शोधलं. मामेभावाच्या ओळखीतून एक व्हिडिओ मिळाला. समाजमंदिरातलं आटोपल्यावर संध्याकाळी मुलीच्या घरी अंगणात पुन्हा कार्यक्रम झाला. महाराज होते, अंतरपाट होता, मंगलाष्टकं झाली. शेवटी चौरंगाजवळ काही पेटलेलं दिसतं आणि दोघं त्याभोवती फिरतात, पण कुणीतरी पुढे उभं राहतं आणि नीट दिसत नाही. चालेल का?

आणखी एक. त्या मुलीच्या वडिलांचा बाबांना फोन आला होता. त्यांना सांगितलं होतं की कोर्टातून घटस्फोट झालाय. फोनवर रडत होते. मुलीला दिवस गेलेत. ताई त्या दिवसापासून आणखीच गप्प आहे. मला त्या मुलीचा राग येत होता, आता कुणाचा करावा कळत नाही.

म्हापशातून

मध्येच लिहितो, प्रश्न सुटणार नाही त्यानं, पण आमच्याकडे नेमकं उलटं आहे म्हणून. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारसमोर होतं. आधी जाऊन इरादा नोंदवायचा, मुदत जाऊ द्यायची, मग परत जाऊन सही. 'सह्या झाल्या' की कायद्यानं नवराबायको, भटजी नंतर सहा महिन्यांनी येवो. त्यामुळे इथं दुसराच घोळ होतो. सह्या होतात, मंगल कार्यालय ठरतं, आणि मध्येच मोडतं. मुलीकडच्यांना वाटतं लग्न झालंच कुठं? दुसरं स्थळ बघायला लागतात आणि रजिस्ट्रार सांगतो, आधी कोर्टातून हे रद्द करून आणा. तुमच्याकडे कागद असून लग्न नाही, आमच्याकडे अक्षता पडल्या नाहीत तरी लग्न आहे. बाकी १८८० च्या पोर्तुगीज फर्मानात हिंदू पुरुषाला मूलबाळ नसल्यास दुसरी बायको करायची एक वाट ठेवलेली होती. त्या वाटेनं आता कुणी जात नाही, पण बाहेरचे लोक अजून ते आम्हाला विचारतात.

तालुका कोर्टातली

व्हिडिओ चालेल, नव्हे, तोच तुमचा खरा पुरावा आहे. ज्याच्या मोबाइलमध्ये शूट झाला तो मोबाइल आणि तो माणूस महत्त्वाचा, पुढे पाठवलेली प्रत दुय्यम. त्याला सांगा, डिलीट करू नको, फोन विकू नको. त्या महाराजांचं नाव-गाव टिपून ठेवा. साक्षीला तेच लागतील. आपल्याकडे अंतरपाट सरला की लग्न लागलं म्हणून लोक पंगतीकडे धावतात, सप्तपदी बघायला मांडवात दोन म्हाताऱ्या उरतात. त्या म्हाताऱ्या कोण होत्या तेही शोधा. फिर्यादीला घाई करू नका, सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची अडचण येत नाही.

पण ताईला भाजीपाल्याला आणि मुलांच्या फीला पैसे आज लागतात. त्यासाठी द्विभार्येचा खटला कामाचा नाही. पोटगीचा अर्ज वेगळा करा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५. 'हक्क राहणार नाही' असं लिहून दिलं तरी पोटगीचा हक्क जात नाही, मुलांचा तर नाहीच. तेव्हा सहीचं ओझं ताईच्या मनावरून उतरवा. जोडीला कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

त्या मुलीबद्दल. तिला फसवलं असेल तर ती स्वतःही फिर्याद देऊ शकते. पहिलं लग्न लपवून केलं तर शिक्षा सातवरून दहा वर्षांवर जाते. तिचं लग्न कायद्यानं शून्य आहे, तरी फसवल्या गेलेल्या बाईला पोटगीपुरतं बायको धरावं असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये म्हटलंय, तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण. आणि होणारं मूल हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरसच. तिचे वडील तुमच्या बाजूनं साक्षीला आले तर अंगणातला विधी शाबीत करणं फार सोपं होईल. बाबांना म्हणावं, त्यांचा फोन परत आला तर तोडू नका.

सरळसोट

अहो पण तो वनरक्षक आहे ना? सरकारी नोकराला दुसरं लग्न चालतच नाही. खात्याला एक अर्ज, नोकरी गेली. कोर्टकचेरी कशाला?

जुना ग्रामसेवक

हे खरं आहे, १९७९ च्या वर्तणूक नियमांत ते आहे. खात्याच्या चौकशीत सप्तपदीची पावलंही कुणी मोजत बसत नाही, फोटो आणि तो लेटरपॅडही पुरेसा होऊ शकतो. पण नोकरी गेल्यावर पोटगी कशातून कापणार? धानाच्या दीड एकरातून? मी तरी ताईंना सांगेन की आधी पोटगीचा हुकूम होऊ द्या, पगारातून कपात सुरू होऊ द्या, खात्याचा अर्ज हातात राखून ठेवा. मॅडमचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

तालुका कोर्टातली

थोडं वेगळं आहे. बडतर्फीसाठी अर्ज नको, पण कार्यालयाला एक साधं पत्र आत्ताच द्या, की मी कायदेशीर पत्नी, ही दोन अपत्ये, सेवापुस्तकातलं वारसाचं नाव परस्पर बदलू नये. ते राखून ठेवलं तर उद्या कुटुंब निवृत्तिवेतनाला भांडावं लागतं. असल्या केसेस माझ्याकडे नवरा गेल्यानंतर येतात, दोघी बायका एकाच बाकावर बसलेल्या.

झाडीपट्टीची लेक

पत्र उद्याच लिहिते. काका, ग्रामपंचायतीतून काय काय मागू? तिथले लोक आम्हाला उभं करत नाहीत.

जुना ग्रामसेवक

उभं करायची गरज नाही, माहितीच्या अधिकारात मागा. जन माहिती अधिकारी तिथला ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवकच असतो. त्या लेटरपॅडचा जावक क्रमांक लिहा आणि त्या दिवसाच्या जावक नोंदवहीची प्रत मागा. बरेचदा असल्या कागदांचा क्रमांक नुसताच टाकलेला असतो, वहीत दुसऱ्याच कशाची तरी नोंद निघते. समितीच्या दोन्ही बैठकांचा इतिवृत्तांत मागा, फारकतीचा आणि लग्नाचा. लग्नाची नमुना 'ड' मध्ये नोंद झाली आहे का हे विचारा, आणि झाली असेल तर साक्षांकित प्रत मागा. 'त्रयस्थाची माहिती' म्हणून ती नाकारली तर नाकारल्याचं पत्र जपून ठेवा, मॅडम कोर्टातून रजिस्टरच मागवतील. मुलांच्या जन्माचे दाखले ज्या गावात नोंद आहे तिथून नव्यानं काढा, आईबापाची नावं नीट वाचून घ्या.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. हातानं नेऊ नका, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.